झुंबरला काय येतं

"डाक्टर इचारंल, झुंबर, तुला काय येतं? मंग काय म्हणायचं?"

"हार!"

"हार नाय रे माझ्या राजा." सरूबाईनं कपाळाला हात लावला. "मला काय येत नाय, असं म्हणायचं. म्हण बरं."

झुंबर नुसता हसला. तिशी ओलांडलेला गडी, ओठावर दाट मिशी, अंगानं बापासारखा थोराड; पण हसू मात्र पाळण्यातलं. लहानपणी ताप डोक्यात गेला, आणि पोराचं वय तेवढं वाढत राहिलं. समज मागंच बसून राहिली. त्यानं मांडीवरचा एक झेंडू उचलला, सुईत ओवला आणि आईपुढं धरला. हे काय, येतंय की मला, असं त्याला म्हणायचं असावं.

सरूबाईनं त्याच्या हातातली सुई काढून घेतली. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

ती सुई त्याच्या हातात दिली होती तीही तिनंच. मखमलाबादच्या माळ्याचं घर, दाराशी झेंडू आणि शेवंती, आणि घरच्या पोराला हार येऊ नये? लोक म्हणायचे, सरू, कशाला जिवाचं पाणी करतेस, पालथ्या घड्यावर किती ओतशील? पण सरूबाई हट्टाची. रोज सकाळी त्याला समोर बसवायची, त्याचं बोट धरून सुई फुलातून न्यायची, आणि फूल नीट बसलं की तळहातावर एक बत्तासा. चुकलं की बत्तासा नाही. अशी वर्षांमागून वर्षं गेली. झुंबरच्या डोक्याची रीतच न्यारी होती. आत काही शिरायचं नाही, आणि एकदा शिरलं की चार बैल जुंपले तरी बाहेर निघायचं नाही. हार शिरला तो असाच शिरला. तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये आंब्याचं पान. दोन फुलांत जराशी फट दिसली तरी पठ्ठ्या अख्खा हार उसवून परत ओवायचा. सराफ बाजाराजवळच्या फूलबाजारात सरूबाईची पाटी उतरली की गिऱ्हाईक विचारायचं, झुंबरच्या हातचा आहे ना? मग द्या.

त्याला स्वतःला मात्र विकायला बसवायची सोय नव्हती. कुणी "छान आहे रे" म्हटलं की तो हार त्याच्याच गळ्यात घालून मोकळा व्हायचा.

आणि आता हे सगळं त्याला येत नाही असं त्याच्याच तोंडून वदवायचं होतं. त्याला कारणही तसंच होतं.

सरूबाईचा नवरा कारभारी पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. गंगापूरच्या पाटावर शेतकऱ्यांना पाळीनं पाणी सोडण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर बिचाऱ्याला पेन्शन फार दिवस खायला मिळाली नाही. तो गेल्यावर त्यातला बायकोचा वाटा सरूबाईच्या नावावर आला. महिन्याच्या सुरुवातीला पैसे पंचवटीतल्या बँकेत जमा व्हायचे, आणि नोव्हेंबरात स्वतः जाऊन हयातीच्या दाखल्यावर अंगठा द्यावा लागायचा. मी अजून जिवंत आहे बरं का, असं सरकारला दरसाल कळवायचं. नाही कळवलं की पैसे थांबले, मग माणूस हिंडता-फिरता का असेना. सरूबाईला याची मोठी गंमत वाटायची. रांगेतल्या म्हाताऱ्यांना ती म्हणायची, "येवढी हजेरी तर यमबी घेत नाय."

अठ्ठ्याण्णव साली मात्र तिची गंमत आटली. पावसाळ्यात पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप लागू लागली. हृदयाची झडप खराब झाली आहे, दिवाळीनंतर मुंबईला ऑपरेशन करायचं, असं ठरलं. "झालं की पहिल्यासारख्या हिंडाल," डॉक्टर म्हणाले. "आन् नाय झालं तर?" असं तिनं विचारल्यावर ते कागद चाळू लागले. सरूबाईला काय समजायचं ते समजलं.

मरणाचं तिला एवढं वाटत नव्हतं. रात्री झोपलेल्या झुंबरकडं पाहिलं की मात्र ती उठून बसायची. लेक होती ओझरला, रूपाली. जावई तिथल्या कारखान्यात कामाला, माणूस सरळ. पण घर दोन खोल्यांचं, आणि रूपालीची सासू म्हणजे तोंडाचा पट्टा. रिकाम्या हातानं आलेल्या भावाला त्या घरात कोणता कोपरा मिळेल हे सरूबाईला न सांगता दिसत होतं.

वाट दाखवली ती मालिनीताईंनी. त्यांचे यजमान गोदाघाटावर पौरोहित्य करायचे आणि त्या स्वतः कोषागारात, म्हणजे सरकारी पेन्शनी जिथून निघतात त्या कचेरीत, नोकरीला होत्या. रोजच्या पूजेची फुलं त्या सरूबाईकडूनच घ्यायच्या.

"सरूबाई, तुमच्यामागं झुंबरचं काय?"

"लेक हाय की. माया हाय तिला."

"माया आहे हो, पण मायेलाही आधार लागतो. नीट ऐका. नोकरदार गेला की पेन्शन बायकोला. बायको गेली की मुलांना, पण ठरावीक वयापर्यंतच, आणि झुंबरचं ते वय कधीच उलटलं. मात्र मूल मतिमंद असेल आणि त्याला स्वतःचं पोट भरता येत नसेल, तर त्याला जन्मभर मिळते. त्यासाठी सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा. तुम्ही धडधाकट असतानाच त्याचं नाव कागदावर चढवून घ्या. मागाहून रूपालीला खेटे घालून घालून नको जीव होईल."

"म्हंजी मी मेले तरी त्याचं चालू ऱ्हाईल?"

"दर महिन्याला. तुमचं चालतं तसंच." मग मालिनीताईंनी आवाज उतरवला. "एक करा. तिथं तो हार करतो, बाजारात त्याचं नाव आहे, असलं काही बोलू नका. कमवू शकत नाही असं लिहून हवंय ना आपल्याला? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बाईंचा हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूनं दिलेला सल्ला घेणाऱ्याच्या घरी जाऊन किती फुगतो, हे देणाऱ्याला कुठं माहीत असतं! बोलू नका, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सरूबाईनं आणखी पुढची उडी घेतली. झुंबरच विसरला पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं. आणि त्याला शिकवायची तिला एकच रीत ठाऊक होती.

बत्ताशांचा डबा पुन्हा निघाला. सुया फळीवर गेल्या. सकाळी ती त्याला समोर बसवायची, हात मांड्यांखाली दाबून ठेवायला लावायची आणि पुढ्यात टपोरा झेंडू ठेवायची. हात बाहेर आला की बत्तासा नाही. हात आत राहिला आणि "मला काय येत नाय" असं म्हणाला की बत्तासा. पहिले काही दिवस तो गोंधळला. फुलाकडं बघायचा, आईकडं बघायचा, हुंदके द्यायचा. काल ज्यासाठी गोड मिळत होतं त्यासाठीच आज तोंड फिरवलं जातंय, हे कुठल्या शहाण्याला तरी कळलं असतं का? मग एका सकाळी त्यानं हात मांड्यांखाली घातले, फुलावरून नजर काढली आणि ते वाक्य स्पष्ट म्हणून तळहात पुढं केला.

सरूबाईनं बत्तासा दिला. मग चुलीपुढं बसून पोटभर रडली.

दसरा झाल्यावरच्या बुधवारी सरकारी दवाखान्यात तपासणी होती. रूपाली सकाळच्या एसटीनं ओझरहून आली. दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा माणसांनी भरलेला. कुणी कुबड्या घेऊन, कुणी पाठुंगळीला पोर घेऊन. झुंबरला बाकावर बसवून रूपाली कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली. "हात कुठं?" सरूबाईनं विचारलं. झुंबरनं ते मांड्यांखाली घातले. "शाना माझा," म्हणून ती केसपेपरच्या खिडकीशी गेली.

परत आली तर बाक रिकामा.

सगळा व्हरांडा पालथा घातला, नळाशी बघितलं, जिन्याखाली बघितलं. धाप लागली तशी भिंत धरली. तेवढ्यात आतून शिपायानं पुकारा केला, "झुंबर कारभारी विधाते!" कुणी उठलं नाही. "विधाते आहेत का? नसतील तर पुढचा घेतो!" आजची पाळी चुकली म्हणजे पुन्हा कधी, कोण जाणे, आणि मुंबईची तारीख तर कुणासाठी थांबणार नव्हती. "हाय, हाय, आणते," असं ओरडत सरूबाई बाहेर धावली. पोराच्या काळजीनं शिपाईही मागोमाग आला.

फाटकाशी एक बाई हार घेऊन बसली होती. तिच्या शेजारी झुंबर मांडी घालून बसलेला. तिच्या टोपलीतला सैल, फटी पडलेला हार त्यानं उसवला होता आणि मान खाली घालून नव्यानं ओवत होता. बोटं अशी चालली होती की ती हारवालीच तोंडाचा आ करून बघत होती.

"अहो मावशी," शिपाई हसत म्हणाला, "तुमचा पोरगा तर पक्का कारागीर निघाला! आन् दाखला पायजे कमवता येत नाय म्हणून?"

त्याचं ते हसणं काही वाईट नव्हतं. पण सरूबाईच्या डोळ्यांपुढं ओझरचा तो कोपरा आला, रूपालीच्या सासूचं तोंड आलं, आणि तिचा तोल गेला. तिनं झुंबरच्या थोबाडीत मारली.

एवढ्या वर्षांत तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. झुंबरच्या हातातून सुई पडली. गालावर हात ठेवून तो आईकडं बघत राहिला, मग त्यानं घाईघाईनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि म्हणाला, "मला काय येत नाय." या खेपेला त्यानं तळहात पुढं केला नाही.

आत टेबलामागं डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा लावलेल्या, थकलेल्या. शिपायानं हारवालीकडून आणलेला तो अर्धा हार सुई-फुलांसकट त्यांच्यापुढं ठेवला. "मॅडम, ह्येच्याच हातचा हाय." झालं, संपलं, असं सरूबाईला वाटलं. रूपालीनं तिचा दंड घट्ट धरला.

बाईंनी आधी नेहमीचं विचारलं. नाव काय, आज वार कोणता, दहाची नोट मोठी की पाचची. नाव त्यानं सांगितलं, वार सांगता आला नाही, नोटांकडं तो बघतच राहिला. मग त्यांनी हाराला बोट लावलं. "हा तू केलास? तुला काय येतं रे, झुंबर?"

"मला काय येत नाय."

"अरे, अर्धाच राहिलाय. कर की पुरा."

त्यांनी हार त्याच्याकडं सरकवला. सुई हातातून पडली होती तिथं एक फट राहिली होती. झुंबरची नजर त्या फटीवर खिळली. मांड्यांखाली हात वळवळताना दिसत होते, पण बाहेर एक बोटसुद्धा आलं नाही. त्यानं आईकडं बघितलं. त्याच्या गालावर तिची बोटं अजून उमटलेली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळा खेळ आता तिच्या गप्प राहण्यावर होता. आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती तर कदाचित निभावलंही असतं.

"येतं त्याला," सरूबाई म्हणाली.

"आई!" रूपालीनं दंड दाबला.

"येतं, बाईसाहेब. मीच शिकवलंय. आन् मीच त्याला नाय म्हणायला लावलं. लय पाप केलं मी. तुम्हाला काय लिवायचं ते लिवा."

बाईंनी चष्मा काढला. "बाजारात एकटा जातो?"

"नाय. हरवतो."

"हार विकून पैसे आणतो?"

"कुनी चांगलं म्हनलं की फुकट देऊन टाकतो."

"जेवायची वेळ कळते? चूल पेटवता येते? पोटापुरतं कमवून एकटा राहील?"

सरूबाईनं नुसती मान हलवली.

"मग, मावशी, दाखल्यात दुसरं काय लिहायचं असतं? हार ओवता येऊ नये असं कुठल्या नियमात आहे? स्वतःच्या जिवावर जगता येतं का, एवढंच मला बघायचंय." त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. "तीन वर्षांनी पुन्हा आणा. आणि लपवायची काय गरज होती हो?"

दाखला मिळाला. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो कागद रूपालीच्या पिशवीत होता, पुढची सोय झाली होती. पण एसटीत बसून घरी येईस्तोवर सरूबाईच्या कानात बाईंचं शेवटचं वाक्यच घुमत होतं.

दिवाळीची फुलं तोडून आली. ओसरीभर पिवळा-केशरी ढीग पडला. सरूबाईनं फळीवरची सुई काढली, दोरा ओवून झुंबरच्या पुढ्यात ठेवली. "घे बाळा. कर हार."

झुंबरनं हात मांड्यांखाली घातले. "मला काय येत नाय."

तिनं बत्तासा दाखवला, डबाच पुढं ठेवला. गाल कुरवाळला, पाया पडली. त्याचं उत्तर एकच, आणि सुई जवळ आली की तो अंग चोरायचा. शिरायला वर्षं घेणारं ते डोकं. पण थोबाडीतली एक चपराक थेट आत जाऊन बसली होती. ती आता कुठल्या बैलांनी ओढून काढायची?

ऑपरेशन पार पडलं. सरूबाई जगली. मालिनीताईंनी धावपळ करून झुंबरचं नाव कागदावर चढवून दिलं. "आता घोर मिटला की नाही?" त्या म्हणाल्या. "मिटला हो ताई," सरूबाई म्हणाली. ती बाजारात सुटी फुलं विकू लागली. झुंबरचा हार कुणी मागितला की सांगायची, हात दुखतो त्याचा. आणि रोज सकाळी, न चुकता, सुई घेऊन त्याच्यापुढं बसायची. त्यानं हात लपवले की म्हणायची, "चुकले रे मी. तुला समदं येतं." शेजारणी म्हणायच्या, बरंच झालं की, उद्या कुणी तक्रार तर करणार नाही. ती सुई पुसून फळीवर ठेवायची.

दुसऱ्या दाखल्याची वेळ यायच्या आधीच, एका उन्हाळ्यात, सरूबाई गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

अंगणात माणसं जमली. तिचा दीर फकिरा बाजारातून घाईघाईनं हार घेऊन आला आणि त्यानं तो तिच्या छातीवर ठेवला. घाईचा हार, फुलं एका तोंडाची, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. झुंबर उशाशी बसून होता, हात मांड्यांखाली. रडत नव्हता. नुसता त्या हाराकडं बघत होता.

मग त्याचा एक हात बाहेर आला. तो वाकला, त्यानं हार उचलून मांडीवर घेतला आणि गाठ सोडून सगळी फुलं मोकळी केली.

"आरं, आरं, काय करतो!" फकिरा पुढं झाला. झुंबरनं मान वर केली नाही. उठून घरात गेला, फळीवरची सुई घेऊन आला, आणि परत उशाशी बसून ओवू लागला. तोंडाला तोंड, पाठीला पाठ.

फकिरा रूपालीच्या कानाशी आला. "आवर त्याला, पोरी. समदा गाव बघतोय. उद्या कुनी हापिसात कळवलं तर पेन्शनीला खोडा बसंल."

"बघू दे, काका," रूपाली म्हणाली. "कुनी हात लावू नका त्याला."

उन्हं कलायला लागली होती, तिरडीला धरणारे खोळंबले होते. झुंबरनं शेवटचं फूल ओढून बसवलं, हार वर धरून फट कुठं राहिली का ते बघितलं, आणि आईच्या गळ्यात घातला. मग सवयीनं तळहात तिच्यापुढं केला आणि वाट बघत बसला.

रूपाली घरात धावली. रडत रडत तिनं फळी चाचपली, डबा शोधला. डबा भरलेला होता. तिनं बाहेर येऊन त्याच्या तळहातावर एक बत्तासा ठेवला. झुंबरनं तो तोंडात टाकला आणि सुईत पुन्हा दोरा घालायला घेतला.